फौज परत कधी आणायची?

मैत्रिणींनो, परदेशात गेलेलं सैन्य परत कधी बोलवायचं, यावर घराघरांत वाद होतात. आपलंच बघा. जुलै १९८७ मध्ये करार होऊन आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. भांडण सोडवायला गेलेले जवान ऑक्टोबरपासून तमिळ वाघांशीच लढू लागले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन नोव्हेंबरमध्येच धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणाले, जुलैअखेर निघा. राजीव गांधी म्हणाले, तमिळांच्या सुरक्षिततेची खात्री झाल्याशिवाय नाही. अर्धवट सोडलं तर गेलेल्यांचं बलिदान वाया, असं काहींचं म्हणणं. परक्याच्या भांडणात आणखी किती पोरं घालवायची, असं इतरांचं. मला हे दुसरं पटतं.

डिसेंबरात सरकार बदललं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली. तोवर अकराशेहून जास्त जवान गेले होते. मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत.