बांधी पाहून वाण

विदर्भात आरमोरीकडे धान लावताना आधी बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, पाहतात. पाणी लवकर उतरतं तिथे हलकं, म्हणजे लवकर तयार होणारं धान; खोलगट बांधीत उशिरा येणारं भारी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स थांबली. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर आता कोणतं लिनक्स टाकावं, हेही मला तसंच ठरवावंसं वाटतं.

डेबियन हे लिनक्स साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढतं: बारावी जून २०२३मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५मध्ये. मधल्या काळात सुरक्षेची फट सापडली, तर बहुतेक वेळा तेवढीच दुरुस्ती जुन्या प्रोग्राममध्ये बसवतात. ही झाली फिक्स्ड रिलीज. आर्च किंवा ओपनसुसे टम्बलवीडमध्ये असे टप्पेच नाहीत. नवं तयार झालं, थोडं तपासलं की लगेच येतं. ही रोलिंग.

विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर जूनअखेर उघडतात. दोन महिने बंद असलेल्या कॉम्प्युटरवर आर्च असेल, तर पहिल्याच दिवशी शेकडो पॅकेजेस उतरवावी लागतात, तीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पॅकेजवरची सही तपासणाऱ्या चाव्या जुन्या झाल्या असतील, तर अपडेट अडतं. आधी चाव्यांचं पॅकेज नवं करावं लागतं. फक्त ब्राउझर नवा घेऊ म्हटलं तर तेही धोक्याचं, कारण तो नव्या लायब्ररी मागतो. वर्गात मुलं खोळंबलेली असताना शिक्षकांनी हे का निस्तरावं?

नवं ते लगेच घेण्यात दुसराही धोका असतो. मार्च २०२४मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाण्याच्या सोयीने, लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. माग काढत तो एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनापर्यंत पोचला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा पेरला होता! टम्बलवीड आणि डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत तो पोचलाही होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनं एक्सझेड होतं, म्हणून ती वाचली. त्या अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या माणसाचे आपण सगळेच ऋणी आहोत.

रोलिंगची गरजही खरी आहे. अगदी नव्या लॅपटॉपचं वायफाय जुन्या कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ओळखूच येत नाही, तेव्हा रोलिंग उपयोगी पडते. रोज कॉम्प्युटरवर बसणाऱ्या, सूचना वाचून मगच अपडेट करणाऱ्या विद्यार्थ्याने आर्च जरूर घ्यावं. त्यातून तो पुष्कळ शिकेल.

शाळेसाठी मात्र मी डेबियन १३ सांगेन. बसवण्यापूर्वी प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, हे पाहून घ्या. ३२ बिटच्या प्रोसेसरवर ते बसत नाही.