खराब रस्त्यासाठी स्पोर्ट बाईकचं मागचं सस्पेन्शन कसं सेट करायचं? टेप, पाना आणि मोबाईल पुरेसा आहे

शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांच्या पार्किंगमध्ये आता स्पोर्ट बाईक भरपूर दिसतात. आरवनफाईव्ह, आरसी, पल्सर, अपाचे... पण या गाड्या रोज पळतात कुठल्या रस्त्यावर? सांगली फाट्याजवळची गर्दी, महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे झालेली डायव्हर्जन, कास्टिंग आणि भंगार वाहणाऱ्या ट्रकनी दबलेले आतले रस्ते, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या. रात्री शिफ्ट सुटल्यावर अंधारात खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं.

मग पाठ दुखायला लागली की गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो: "मागचा शॉकप टाईट करून घे." बऱ्याच वेळा हाच सल्ला उलटा पडतो. का, ते आधी समजून घेऊया. मग सेटिंग कसं करायचं ते पाहूया.

प्रीलोड म्हणजे नक्की काय?

मागच्या मोनोशॉकवर स्प्रिंगच्या टोकाला एक रिंग असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. यालाच प्रीलोड म्हणतात. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात स्प्रिंग तीच राहते.

एक उदाहरण घ्या. समजा, एका स्प्रिंगला १ मिलिमीटर दाबायला १० किलो वजन लागतं. ती १० मिलिमीटर दाबून बसवली, तर हलायला सुरुवात होण्यासाठीच १०० किलो लागतील. पण त्यानंतर प्रत्येक मिलिमीटरला पुन्हा १० किलोच. म्हणजे प्रीलोडने बदलते ती गाडीची मागची उंची. स्प्रिंगचा कडकपणा बदलायचा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

मग 'टाईट' केल्याने बिघडतं कुठे?

सस्पेन्शनचं काम फक्त धक्का खाणं नाही. चाक रस्त्याला चिकटून ठेवणं हे त्याचं खरं काम आहे. उंचवटा आला की चाक वर जायला हवं आणि खड्डा आला की खाली उतरायला हवं.

तुम्ही बसल्यावर गाडी मागून जेवढी खाली बसते, त्याला सॅग म्हणतात. हा सॅग म्हणजेच चाकाला खड्ड्यात उतरायला मिळणारी जागा. मागच्या चाकाची एकूण हालचाल १३० मिलिमीटर असेल आणि सॅग ३५ असेल, तर चाक ३५ मिलिमीटर खाली उतरू शकतं आणि ९५ मिलिमीटर वर जाऊ शकतं.

आता रिंग पूर्ण आवळली आणि सॅग १० वर आला, तर चाक फक्त १० मिलिमीटर खाली जाणार. त्यापेक्षा खोल खड्डा आला की टायर क्षणभर हवेत! त्याच क्षणी तुम्ही मागचा ब्रेक दाबला किंवा गाडी वळणावर असली, तर चाक घसरतं. शिवाय मागची बाजू उंच झाली की गाडीचं वजन पुढे जातं, मनगटावर भार येतो आणि हँडल चंचल होतं.

उलट रिंग फारच सैल असली तर गाडी मागून बसते, मोठ्या खड्ड्यात शॉकप खाली आपटतो आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून अंदाजाने फिरवू नका, मोजून फिरवा.

सॅग कसा मोजायचा?

दोन मित्र आणि एक मेजर टेप घ्या. आधी टायर थंड असताना हवा तपासा. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलाच आकडा ठेवा. हवा जास्त असेल तर कितीही चांगलं सेटिंग केलं तरी गाडी दणकेच देणार.

१. मागच्या ॲक्सलच्या मधोमध एक बिंदू ठरवा. त्याच्या सरळ वर सीटखालच्या पॅनलवर टेपचा तुकडा चिकटवून दुसरा बिंदू ठरवा.

२. गाडी साईड स्टँडवर कलवून मागचं चाक जमिनीवरून उचला आणि अंतर मोजा. नेहमीचा पॅडॉक स्टँड इथे चालत नाही. तो स्विंग आर्मला आधार देतो, त्यामुळे शॉकप पूर्ण उघडत नाही.

३. आता हेल्मेट, बूट, डब्याची बॅग, रोज जे असतं ते सगळं घेऊन गाडीवर बसा. एका मित्राने पुढून गाडी सरळ धरावी. पाय फूटरेस्टवर ठेवा, सीट दोनदा दाबून सोडा, आणि दुसऱ्याने अंतर मोजावं.

४. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा. ६१० उणे ५७५ म्हणजे ३५ मिलिमीटर सॅग.

रोजच्या रस्त्यासाठी ३० ते ४० मिलिमीटरच्या मध्ये सॅग ठेवणं हा चांगला आरंभबिंदू आहे. सॅग कमी असेल तर रिंग सैल करा, जास्त असेल तर आवळा. शॉकपवरची थोडी हालचाल चाकाजवळ जास्त दिसते, म्हणून एका वेळी एकच पायरी बदला आणि पुन्हा मोजा.

रिंग फिरवण्याआधी ब्रशने आटे साफ करा. फाउंड्रीची बारीक वाळू आणि पावसाळ्यातला चिखल तिथे घट्ट बसतो. टूलकिटमधला सी पाना वापरा. छिन्नी-हातोडीने ठोकलं की रिंगचे खाचे कायमचे जातात. उंची बदलल्यावर चेनचा ढिलेपणाही तपासा.

आता आणखी एक आकडा घ्या: तुम्ही न बसता, गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते? ५ ते १५ मिलिमीटर ठीक. तुमच्या वजनाचा सॅग बरोबर आणायला रिंग इतकी आवळावी लागली की रिकामी गाडी अजिबातच बसत नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. तिथे रिंग फिरवून उपयोग नाही.

रिबाउंड: इथे मोबाईल कामाला येतो

दाबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडते, त्यावर शॉकपमधलं तेल ताबा ठेवतं. बारीक छिद्रांतून तेल सरकतं आणि स्प्रिंगचा जोर मोडतो. पल्सरच्या नायट्रॉक्ससारख्या शॉकपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, तो सतत हालचालीत तेलाला फेस येऊ नये म्हणून. तो भाग घरी कधीही उघडू नका, आत दाब असतो.

काही गाड्यांना रिबाउंडसाठी वेगळा स्क्रू असतो. उदाहरणार्थ, टीव्हीएसने २०२१ मध्ये अपाचे आरआर ३१० साठी दिलेली डायनॅमिक किट किंवा केटीएमची नवी ३९० ड्यूक. तुमच्या गाडीला आहे का, ते मॅन्युअलमध्ये पाहा.

मोबाईल बाजूला टेकवून ठेवा, कॅमेरा स्लो मोशनवर टाका, मित्राला सीट जोरात दाबून एकदम सोडायला सांगा. मग व्हिडिओ बघा:

– सीट वर येऊन पुन्हा खाली-वर डुलत असेल तर रिबाउंड फार जलद आहे. स्क्रू एक क्लिक आत फिरवा.
– सीट रांगत रांगत वर येत असेल तर फार हळू आहे. एक क्लिक बाहेर.
– एका दमात वर येऊन थांबली तर बरोबर.

खराब रस्त्यावर हळू रिबाउंड जास्त त्रास देतो. रंबलर स्ट्रिपवर पहिल्या धक्क्यातून शॉकप उघडण्याआधीच दुसरा धक्का येतो, मग तिसरा. शॉकप दबलेलाच राहतो आणि शेवटी दगडासारखा लागतो. अशा वेळी लोक 'शॉकप मऊ झाला' म्हणून अजून टाईट करतात! खड्ड्यांच्या रस्त्याला रिबाउंड एखादा क्लिक जलद ठेवलेला बरा.

स्क्रू नसलेल्या गाडीवरही हा व्हिडिओ काढाच. सीट दोन-तीन वेळा डुलत असेल किंवा शॉकपच्या दांड्यावर तेल दिसत असेल, तर शॉकप संपलाय. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली सेकंडहँड गाडी घेताना तर हे आवर्जून बघा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी याच भागात महामार्गावर आलं होतं. लिंकेजच्या बेअरिंगमध्ये गेलेलं पाणी बाहेरून दिसत नाही.

नवं सेटिंग तपासताना

मूळ सेटिंगचा फोटो काढा आणि किती पायऱ्या, किती क्लिक ते मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि रोजच्याच रस्त्यावर, दिवसा, कमी वेगात चालवून बघा. डबल सीट जाणार असाल तर प्रीलोड वाढवा, नंतर परत मूळ जागी आणा.

आणि सेटिंग कितीही जमलं तरी खड्डा खड्डाच असतो. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा, चाक आत जाताना सोडा, आणि फूटरेस्टवर थोडं उचलून गुडघे सैल ठेवा. ब्रेक दाबलेला असताना पुढचा शॉकप आधीच दबलेला असतो, मग खड्ड्याचा पूर्ण मार रिम आणि हँडलवर येतो.

येत्या सुट्टीच्या दिवशी आधी फक्त सॅग मोजा. रिंगला हात लावायची गरज आहे की नाही, ते तो आकडाच सांगेल.