चतुराला हवा गवताचा काठ

पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दिवेलागणीला कधी कधी बोटाएवढा तपकिरी चतुर ट्यूबलाइटवर येऊन धडकतो. त्याचे डोळे नीट पाहा. ते डोक्यावर एकमेकांना लांबवर चिकटलेले असतील, तर तो ईश्निडी कुळातला. बहुधा गायनाकँथा! हा दिवसभर अंधाऱ्या जागी लटकून राहतो आणि सांजवेळी चिलटे-डास पकडायला निघतो. याच कुळातला हिरवा-निळसर ॲनॅक्स गुटॅटस तळ्यावर न थकता घिरट्या घालतो, तर ॲनॅक्स इमॅक्युलिफ्रॉन्स सह्याद्रीतल्या ओढ्यांवर राहतो.

मग मैदानावर थव्याने उडणारे पिवळे चतुर कोणते? ते पँटाला. त्यांचे कुळ वेगळे. त्यांची मादी उघड्या पाण्यातच अंडी टाकते, त्यामुळे तिला साधे डबकेही चालते. ईश्निडींची मादी मात्र पोटाच्या टोकाजवळच्या धारदार अवयवाने पाणवनस्पतींच्या देठात किंवा काठच्या ओल्या मातीत अंडी खुपसते. म्हणजे तिला नुसते पाणी पुरत नाही, काठही जिवंत लागतो. दगडी बांधात ती अंडी कुठे घालणार?

वर्गाला घेऊन रंकाळ्यावर जाऊया. बांधाची बाजू आणि जिथे गवत-लव्हाळे उरले असतील ती बाजू, दोन्हीकडे अर्धा-अर्धा तास थांबून कोणते चतुर दिसले, देठांवर पिल्लांनी टाकलेल्या किती काती सापडल्या, ते लिहून काढूया. मग मुलांनाच विचारूया: तळे सुंदर करताना किती काठ तसाच सोडावा?