मोठे भरतकाम हाती घेण्यापूर्वी

क्रॉस स्टिचचे एखादे मोठे काम अर्धवट राहून कपाटात गेले नाही, असे घर शोधावेच लागेल. आळस हे त्याचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा नक्षी आवडली म्हणून दुकानात जे कापड समोर आले ते घेतले जाते, आठ-दहा दिवस उत्साहाने फुल्या भरल्या जातात आणि मग कळते की घरे फार बारीक आहेत, डोळे दुखतात, किंवा काम भिंतीपेक्षा मोठे होणार आहे. रुमालावर चार फुले काढायची असतील तर हे चालून जाते. वर्ष-दीड वर्षाच्या कामात मात्र पहिली फुली पडल्यानंतर कापड बदलता येत नाही.

आमच्या घरात यंदा असे काम सुरू झाले आहे. दिवाणखान्यातल्या तख्ताच्या वरची भिंत रिकामी होती, तिच्यासाठी. सुरुवातीला आयत भरावी असा विचार होता. पण उर्दू शिकवणाऱ्या माणसाला नुक्त्याची काळजी असते. क्रॉस स्टिचमध्ये प्रत्येक गोलाई पायरीपायरीने उतरते, आणि एक फुली इकडची तिकडे झाली तर ‘बे’चा ‘नून’ दिसू लागतो. शिवाय वर्षभर ते कापड मांडीवर, पलंगावर, कुठेही पडणार. म्हणून मधोमध आठ टोकांचा तारा आणि चारी बाजूंनी सरूच्या झाडांचा काठ, अशी नक्षी आम्हीच आलेख-कागदावर काढली. सरूचे झाड पॅलेस्टाईनच्या ‘तत्रीज’ भरतकामात फार जुने आहे. तिथल्या बायकांचे हे काम 2021 मध्ये युनेस्कोने आपल्या वारसा यादीत घेतले. त्या पोशाखाच्या कापडावर भरतात, आणि ज्या कापडाला मोजण्याजोगी घरे नसतात त्यावर जाळीचे कापड टाचून, फुल्या भरून झाल्यावर त्या जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. आम्हाला भिंतीसाठी करायचे असल्याने एवढा खटाटोप नको होता.

नक्षी 280 घरे रुंद आणि 200 घरे उंच झाली. आता ही घरे किती इंचांत बसतील, हे कापड ठरवते. एका इंचात जितकी घरे तितका त्या कापडाचा ‘काउंट’. आमची नक्षी 18 काउंटवर साधारण 15.6 बाय 11 इंच, 14 काउंटवर 20 बाय 14.3 इंच आणि 11 काउंटवर साडेपंचवीस बाय 18.2 इंच होते. आकडे वहीत सारखेच वाटतात. त्यामुळे या तीन मापांचे वर्तमानपत्राचे कागद कापून भिंतीवर चिकटवले आणि दोन दिवस तसेच राहू दिले. सगळ्यात लहान कागद तख्तावर अगदीच हरवून गेला. उरलेल्या दोनपैकी कुठला, हे भिंत सांगू शकत नव्हती.

ते ठरले अम्मींच्या डोळ्यांवरून. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांच्या हातात सुई आहे, घरातल्या जुन्या उशांचे अभ्रे त्यांचेच. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. नक्षी निघाली तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, “मला नुसत्या सुया ओवायला बसवणार असाल तर मी तसबीह घेऊन बसते, ते बरे.” म्हणून तिन्ही काउंटच्या तुकड्यांवर दहा बाय दहा घरांचे एकच फूल त्यांना भरायला दिले, एकदा दुपारी खिडकीशी आणि एकदा रात्री ट्यूबलाइटखाली. 18 काउंटचा तुकडा त्यांनी हातात घेऊन परत दिला. 14 वर दुपारी फूल छान आले, रात्री मात्र सुई शेजारच्या छिद्रात जाऊ लागली. 11 वर दोन्ही वेळा बरोबर आले.

घरात दोन मते पडली. नववीतल्या लेकीला 14 हवे होते, कारण ताऱ्याची टोके त्यावर रेखीव दिसतात, आणि ते खरेच आहे. नणंदबाईंनी धाग्याचा हिशेब मांडला. तो हिशेब प्रत्येकीने करण्यासारखा आहे. लडी आठ मीटरची आणि धागा सहा पदरी. 14 काउंटवर दोन पदर पुरतात, 11 काउंटवर तीन घ्यावे लागतात, नाहीतर फुलीमधून कापड डोकावते. पन्नास सेंटिमीटरच्या दोन पदरांत, शेवटचे टोक सोडून, आमच्या हाताने 14 वर 42 फुल्या झाल्या. तेवढ्याच लांबीच्या तीन पदरांत 11 वर 33. म्हणजे एका लडीत पहिल्यात दोन हजारांच्या आसपास फुल्या, दुसऱ्यात एक हजार पन्नास. आमच्या नक्षीतली निम्मी घरेच भरायची आहेत, सुमारे 28,000. चौदावर 14 लड्या, अकरावर 27. धाग्याचा खर्च जवळजवळ दुप्पट, आणि चौकट व काच मोठी लागणार ती वेगळी.

तरीही आम्ही 11 घेतले. जिच्याकडून हे काम घरात आले, तिलाच ते दुरून पाहावे लागणार असेल तर रेखीव टोकांचे काय करायचे? खर्च कापडात वाचवता येतो का, एवढेच मग पाहायचे राहिले.

क्रॉस स्टिचसाठी सगळ्यात सोयीचे कापड आयडा. त्यात धागे गटागटाने विणलेले असतात, त्यामुळे चौकोनी घरे आणि त्यांच्या कोपऱ्यांवर छिद्रे स्पष्ट दिसतात. इव्हनवीव्ह आणि लिननमध्ये घरे नसतात, धागे मोजावे लागतात. 28 धाग्यांच्या कापडावर दोन-दोन धागे सोडून टाका घातला की काम 14 काउंटसारखे येते. दिसायला देखणे, पण अनेक हातांच्या कामाला आम्ही ते सुचवणार नाही. आपल्या बाजारात मीटरवर मिळते ती मॅटी. अम्मी तिला अजून दोसूतीच म्हणतात. आयडापेक्षा स्वस्त आणि मजबूत, पण तिची एक खोड आहे: उभ्या आणि आडव्या बाजूची घरे सारखी असतीलच असे नाही. दुकानात जाताना फूटपट्टी आणि टाचणी बरोबर न्यावी आणि चार इंचांत किती घरे येतात ते दोन्ही बाजूंनी मोजावे. पहिल्या दुकानातल्या मॅटीत एका बाजूने 44 भरली, दुसऱ्या बाजूने 40. आमचा तारा 110 घरांचा. तो त्या कापडावर एकीकडे दहा इंच आणि दुसरीकडे अकरा इंच झाला असता, म्हणजे अंडाकृती. दुसऱ्या दुकानात दोन्ही बाजूंनी 44 भरणारी मॅटी मिळाली.

किती घ्यायचे? नक्षीच्या मापात प्रत्येक बाजूला तीन इंच मिळवावेत, कारण चौकटीवर ताणायला कापड लागते. आमचे माप साडेएकतीस बाय सव्वाचोवीस झाले. एक मीटर घेतले, उरलेले तुकडे नमुन्यासाठी कामी आले.

रंगाबद्दल दोन शब्द. काळ्या कापडावर सोनेरी तारा फार खुलतो, पण काळ्यावर छिद्रे दिसत नाहीत. मांडीवर पांढरा कपडा ठेवला की थोडी दिसतात, तरी थकलेल्या डोळ्यांसाठी तो रंग नाहीच. पांढरे शुभ्र कापड वर्षभर हाताळून मळकट दिसू लागते. आम्ही मलईच्या रंगाचे घेतले.

कापडात वाचलेले पैसे धाग्यात घातले, आणि तिथे काटकसर करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. गडद लाल, हिरवा, काळा यांचा एकेक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा. रंग उतरला तर ती लडी परत करावी. सरूची चव्वेचाळीस झाडे आहेत, प्रत्येकात सुमारे 180 फुल्या. हिरव्याच्या आठ लड्या लागतात, आम्ही दहा घेतल्या आणि सगळ्यांवरचा लॉट क्रमांक एकच आहे ना ते पाहिले. सहा महिन्यांनी तोच क्रमांक मागितला तरी दुसऱ्या लॉटची छटा किंचित वेगळी येऊ शकते, आणि काठात ती लगेच दिसते.

कापड आणल्यावर सुई लावण्याची घाई नको. एका तुकड्यावर दहा सेंटिमीटरचा चौकोन आखून भिजवावा, वाळवावा, पुन्हा मोजावा. आमचा तुकडा उभ्या बाजूने दोन मिलिमीटर आटला. म्हणून पूर्ण कापडच आधी भिजवून, सावलीत वाळवून, उलट्या बाजूने इस्त्री केली. कडा मशीनवर झिगझॅग मारून बंद केल्या. कडांना चिकटपट्टी लावण्याची पद्धत आहे, पण ती दीड वर्ष राहिली तर तिचा गोंद कापडात उतरतो.

मग मध्य काढायचा. कापडाची चार पदरी घडी घालून मधल्या दोन रेषांवर धावदोरा घालावा आणि तिथून दर दहा घरांवर उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी आखावी. याला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. लेक म्हणाली पेनाने पटकन होईल. पण पाण्याने जाणाऱ्या शाईवर चुकून इस्त्री फिरली तर ती पक्की बसते, आणि उष्णतेने उडणारी शाई थंडीत पुन्हा उमटू शकते. दोऱ्याला असले काही होत नाही, ओढला की निघतो. ही जाळी असल्याने आज कुणी कुठे थांबले ते दुसरीला न विचारता कळते. नक्षीच्या मोठ्या झेरॉक्स काढून त्यांवरही दहा-दहाच्या रेषा गडद केल्या आहेत. झालेली घरे पेन्सिलीने खोडायची, मूळ कागद कपाटात.

सुई बोथट टोकाची, 11 काउंटला 22 नंबर. प्रत्येकीची वेगळी. रिंगच्या आतल्या कड्याला पांढरी सुती पट्टी गुंडाळली की कापडावर वळ उठत नाही, तरी उठताना रिंग काढूनच ठेवायची. आमच्या कोकणच्या पावसाळी हवेत सुई कापडात टोचलेली राहिली तर गंजाचा डाग पडतो, म्हणून सुया डबीत जातात. काम घडी न घालता गुंडाळून जुन्या उशीच्या अभ्र्यात राहते. हाताला मेंदी ओली असेल किंवा तेल लागले असेल तर त्या दिवशी सुट्टी.

चार हात एका कापडावर आले की हात ओळखू येतात. कुणाचा टाका घट्ट, कुणाचा सैल. त्यासाठी एकच फूल दोघींनी भरायचे नाही असे ठरले. उर्दूची सवय असलेल्या आम्ही ओळ उजवीकडून सुरू करतो, लेक डावीकडून. त्याने बिघडत नाही, फक्त फुलीचा वरचा टाका सगळ्यांचा एकाच दिशेने पडला पाहिजे. तसा एक मोठा नमुना भरून खिडकीशी टांगला आहे.

तासाला साधारण शंभर फुल्या होतात, म्हणजे 280 तास. आठवड्यातून पाच दिवस एकेक तास धरला तर 56 आठवडे, त्यात रमजान आणि परीक्षा सोडल्या तर दीड वर्ष. काठ अम्मींकडे दिला आहे, कारण सरूचे झाड एकदा हाताला बसले की कागद पाहावा लागत नाही. असरच्या आधीचा तास त्यांचा. तारा लेकीकडे, रविवारी. अम्मींची तीन झाडे झाली आहेत, आणि हिरव्याची दुसरी लडी आताच काढून द्या, असे त्यांनी काल सांगून ठेवले आहे.