श्रवणदोष असलेल्या बालकांसाठी संगणकीय खेळ : उपयोग व मर्यादा

श्रवणदोष असलेल्या मुलाच्या हाती संगणकावरील खेळ द्यावेत की नाही, असा प्रश्न पालक वाचा-उपचारतज्ज्ञांना वारंवार विचारतात. खेळांसाठी देणगी कशाला, असे एखाद्या देणगीदारास वाटले तर त्यातही वावगे काही नाही. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

ऐकू येणारे तान्हे बाळ आपल्याच आवाजाशी खेळत असते. 'बाबाबा' म्हणावे, ते आपल्याच कानांनी ऐकावे आणि पुन्हा म्हणावे, या क्रमातून त्याची वाचा घडते. बधिर बाळही प्रारंभी आवाज काढते. परंतु तो त्याला ऐकू येत नसल्याने ही बडबड नेहमीप्रमाणे विकसित होत नाही. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट लाभल्यानंतरही ध्वनींचा अर्थ लावणे मेंदूला शिकावे लागते आणि त्यासाठी तीच कृती शेकडो वेळा करावी लागते. मोठी माणसे त्याला कंटाळतात, मूलही कंटाळते. संगणक थकत नाही, रागावत नाही आणि तत्क्षणी उत्तर देतो.

१९८०च्या दशकात आयबीएम कंपनीने 'स्पीचव्ह्यूअर' ही प्रणाली तयार केली. मुलाने मायक्रोफोनसमोर आवाज काढला की पडद्यावरील चित्र बदलते. आवाज मोठा झाल्यास आकृती फुगते, स्वर चढल्यास वर सरकते. मराठीतील 'पाळ', 'बाळ' आणि 'माळ' हे शब्द उच्चारून पाहावेत. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात व उघडतात. केवळ ओठ पाहून त्यांतील भेद ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. 'ब'च्या वेळी कंठात कंप असतो, 'प'च्या वेळी नसतो, 'म'च्या वेळी हवा नाकावाटे जाते. कंप आहे की नाही, हे पडद्यावर रंग बदलून दाखवता येते. 'म'साठी मात्र मुलाचे बोट नाकपुडीवर ठेवण्याची जुनी रीतच बरी.

सर्वच खेळ बोलण्यासाठी असतात असे नाही. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक बधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात; साहजिकच अनेक घरांत सांकेतिक भाषा कोणास येत नसते. हे ध्यानी घेऊन अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेत 'कॉपीकॅट' हा खेळ तयार झाला. त्यात मूल हातांच्या खुणांनी वाक्य सांगते आणि ते बरोबर असेल तर पडद्यावरील मांजर त्याप्रमाणे वागते. त्या खुणा अमेरिकी सांकेतिक भाषेतील असल्याने तो खेळ आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे.

आता मर्यादांविषयी. आवाज चढला की उतरला, हे यंत्र सांगते; मुलाला काय हवे आहे, हे आईच विचारते. त्यामुळे मुलाला खेळासमोर एकटे बसवून आपल्या कामास लागणे, हा त्याचा उपयोग नव्हे. शिवाय इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याची शिफारस केली आहे. भाषेच्या दृष्टीने ही दोन वर्षे तर अत्यंत मोलाची. जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांस आरंभ, हा क्रम जगभर मान्य आहे. तो चुकला तर पुढे कोणताही खेळ ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

खेळास बसण्यापूर्वी आईने मुलाच्या पाठीमागे उभे राहून आ, ऊ, ई, श, स, म हे सहा ध्वनी एकेक करून उच्चारावेत आणि ऐकू येताच मुलाने टोपलीत ठोकळा टाकावा. 'म' व 'ऊ'मध्ये खालच्या, तर 'स'मध्ये वरच्या पट्टीचा ध्वनी असल्याने बोलण्याचा बहुतेक सर्व पल्ला यात तपासला जातो. नेहमी ऐकू येणारा ध्वनी आज आला नाही तर प्रथम बॅटरी पाहावी. पंखा व दूरदर्शन संचही बंद असावा.

येथे देणगीदारांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. संगणक भेट देण्यास दाते सहज पुढे येतात, कारण तो दिसतो. श्रवणयंत्राची बॅटरी आणि कानात बसवायचा साचा यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो. साचा सैल झाला की यंत्र शिटी वाजवू लागते आणि मूल ते काढून टाकते. लहान वयात हा साचा वर्षातून अनेकदा नव्याने करावा लागतो.