आधी भरती बघा, मग बुडी मारा!

स्कूबा म्हटलं की बोट आलीच, असं आपल्याला वाटतं. फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचला मात्र गाडी लावायची, टाकी पाठीवर चढवायची आणि चालत समुद्रात शिरायचं. ठिकाण: सेंट अँड्र्यूज स्टेट पार्क, खाडीच्या तोंडाशी मेक्सिकोच्या आखातात घुसलेले दगडी बांध.

तोंड माणसानं पाडलेलं
जहाजांना आत यायला वाट हवी म्हणून 1934 मध्ये वाळूची पट्टी कापली. वाट बुजू नये म्हणून बाजूंना दगड रचले. कपारींमध्ये मासे राहायला आले आणि माशांमागून डायव्हर!

दिवसाला एकच भरती
मुंबईत दिवसाला दोनदा भरती. इथे बहुतेक दिवस एकदाच, तीही फूट-दीड फुटाची. पण हसू नका. अख्ख्या खाडीचं पाणी एका चिंचोळ्या तोंडातून ये-जा करतं, त्यामुळे ओढ जबरदस्त. म्हणून भरती भरून पाणी थबकतं तेव्हाच जाणकार उतरतात. ओढही नाही आणि आखाताचं पाणीही नितळ! ओहोटी लागली की खाडीतला गढूळपणा बाहेर पडतो.

टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो
असते ती दाबून भरलेली साधी हवा. भरलेली टाकी 15 किलोंहून जड, पण पाण्यात शिरलं की ते वजन जाणवतही नाही. पायात फिन्स चढवल्या असतील, तर मात्र चालायचं उलटं!

मासा हसला की दचकाल
शीप्सहेड नावाचा पट्टेरी मासा दगडांभोवती घुटमळतो. त्याचे पुढचे दात थेट माणसासारखे! मागे दाढांच्या रांगा. दगडाला चिकटलेली कालवं तो त्यांनी कडाकड फोडतो.

नांगी घ्या, खेकडा सोडा
कपारीत दबा धरून बसलेला स्टोन क्रॅब अख्खा घरी नेता येत नाही. फ्लोरिडाच्या कायद्यानं फक्त नांगी काढायची आणि खेकडा पाण्यात परत सोडायचा. नांगी पुन्हा फुटते. हंगाम 15 ऑक्टोबर ते 1 मे.

झेंड्याशिवाय बुडी नाही
लाल कापडावर तिरकी पांढरी पट्टी. हा झेंडा 1956 मध्ये मिशिगनच्या डेन्झेल डॉकरी यांनी बनवला. फ्लोरिडात तो तरंगता ठेवून बुडी मारायची. खाडीच्या तोंडाशी त्याच्यापासून 100 फुटांच्या आत राहायचं, खुल्या समुद्रात 300.

वर गळ, खाली तुम्ही
बांधावर गळवाल्यांची रांग असते. दगडांत अडकून तुटलेली त्यांची तंगूसची दोरी पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. फिन्समध्ये गुंतल्यावरच कळते. म्हणून मुरलेला डायव्हर एक वेळ कॅमेरा विसरेल, चाकू विसरणार नाही.