खेळात दिसणारी भीती

15 जुलै 1976. कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावाजवळ तिघा बंदूकधाऱ्यांनी 26 मुलांची बस पळवली आणि मुलांना ड्रायव्हरसह जमिनीत गाडलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं. सुमारे 16 तासांनी ती सगळी स्वतःच्या हिकमतीने बाहेर आली. अंगावर मोठी जखम कुणाच्याच नव्हती, त्यामुळे ‘विसरतील हळूहळू’ असंच मोठ्यांना वाटलं.

बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी या मुलांशी सविस्तर बोलून, चार-पाच वर्षांनी पुन्हा भेटून जे नोंदवलं ते वेगळंच होतं. आघाताच्या खुणा प्रत्येकात शिल्लक होत्या. काही मुलं अपहरणाचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळत. साध्या खेळात गोष्ट बदलते, मुलांना मजा येते. इथे तोच प्रसंग, तोच शेवट, आणि खेळून झाल्यावरही भीती तशीच. काहींना वाटे, संकटाची चाहूल आधीच लागली होती, आपणच ती ओळखली नाही. आपण फार जगणार नाही, असंही काही जण अगदी सहज सांगत.

लहान मूल ‘मला त्रास होतोय’ असं क्वचितच म्हणतं. ते चिडतं, पोट दुखतं म्हणतं, अंथरूण ओलं करतं, आईला चिकटून राहतं. आपल्याकडे यालाच ‘हट्टी झालंय’ म्हणून रागावतात, हे सर्वांत वाईट. प्रत्येक घाबरलेल्या मुलाला आघातानंतरचा मानसिक विकार होतो असं मुळीच नाही. बरीच मुलं सावरतात. पण लक्षणं महिन्याहून अधिक टिकली, तर तज्ज्ञाकडे न्यावं. आघात-केंद्रित वर्तनोपचारात पालकही सहभागी असतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो.